नाशिकच्या हिऱ्याची वंशावळ : विट्याच्या प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४, विटा

विषय पक्का झाला. पाडव्याला वाचनालयाच्या दालनात छोटं प्रदर्शन लावायचं आणि ते एकाच रत्नावर असायचं : नाशिकचा हिरा.

दिवाळीची वेळ मुद्दाम धरली. खानापूर-आटपाडी हा दुष्काळी पट्टा. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी केरळपासून काश्मीरपर्यंत पांगलेली आहेत. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी गाळायचं, शुद्ध करायचं, कस काढून द्यायचा, हे त्यांचं काम. दिवाळीला यातली बरीच घरं गावी उघडतात. दागिना कुठून आला, कुणाच्या हातून गेला, वजनात किती उतरला, हे प्रश्न या लोकांना समजावून सांगावे लागत नाहीत. तेव्हा हिऱ्याची कथा सांगायची तर विट्यातच सांगावी, असं मला मनापासून वाटतं.

मांडणीचा एकच नियम ठरवला. प्रत्येक फलकावर ऐकीव गोष्ट पिवळ्या पट्टीत जाईल आणि वजन, किंमत, लिलाव, खटला असा माग असलेली गोष्ट निळ्या पट्टीत. दोन्ही एका वाक्यात मिसळायच्या नाहीत.

१० ऑगस्ट

सांगाडा लिहून काढला. निळ्या पट्टीत बसणारं एवढं :

पेशवाईच्या शेवटच्या युद्धात हा हिरा इंग्रजांच्या हाती पडला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि दुसरा बाजीराव पुणं सोडून निघाला. फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला पडला. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या ताब्यात आले. ३ जूनला बाजीराव जॉन माल्कम या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाला. हिरा जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याच्या हातून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे गेला आणि ईस्ट इंडिया कंपनीनं तो विकायला लंडनला पाठवला. तिथं रंडेल अँड ब्रिज या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी तो घेतला, नव्यानं पैलू पाडले. १८३१ मध्ये तो इमॅन्युएल बंधूंकडे गेला. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनं (हा इंग्लंडमधला उमराव) घेतला. पुढं नव्वद वर्षं तो त्याच घराण्यात राहिला. १९२७ मध्ये पॅरिसच्या मोबूसाँकडे, १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनकडे, १९७० मध्ये लिलावात ५ लाख डॉलरला आणि १९७७ मध्ये मुआवाद या लेबनानी जवाहिर घराण्याकडे.

पिवळ्या पट्टीत : त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात तो शिवाच्या मूर्तीचा डोळा होता.

हिऱ्याबद्दल कुठंही वाचायला घेतलं की पहिलं वाक्य हेच असतं, डोळ्याचं. म्हणून कामाची सुरुवात तिथूनच करायची.

१३ ऑगस्ट

नणंदेचा फोन. नाशिकला राहते, काल श्रावणी सोमवार म्हणून पहाटेच त्र्यंबकला गेली होती. तिला आधीच सांगून ठेवलं होतं : दर्शन घेशील तेव्हा गाभाऱ्यात काय काय दिसतं ते नीट बघून ये.

"वहिनी, मूर्ती कुठाय तिथं?" हे तिचं पहिलं वाक्य.

खरंच नाही. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात वर आलेली पिंडीसुद्धा नाही. साळुंकेच्या मधोमध खळगा आहे आणि त्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा, विष्णू आणि महेश. तिथं पाणी झिरपत असतं. एरवी त्यावर चांदीचा मुखवटा असतो, सणावाराला पंचमुखी सोन्याचा मुखवटा चढतो. सोमवारी पालखी कुशावर्तावर जाते. रत्नजडित मुकुटही आहे, त्याची परंपरा लोक थेट पांडवांपर्यंत नेतात.

म्हणजे ज्या मूर्तीचा डोळा काढला म्हणतात ती मूर्तीच या देवळात नाही. नानासाहेब पेशव्यांनी हे काळ्या दगडाचं देऊळ नव्यानं बांधायला घेतलं. पेशव्यांचं इतकं जवळचं देवस्थान असताना एखादं मोठं रत्न देवाच्या मुकुटात, मुखवट्यावर किंवा भांडारात असणं अगदी शक्य आहे. हिऱ्याच्या नावातच नाशिक आहे, तेही उगाच नसेल. पण कपाळातून उपटलेला डोळा ही कल्पना त्र्यंबकचा गाभारा पाहिलेल्या माणसाच्या तोंडून आलेली वाटत नाही. देवाच्या डोळ्यातलं रत्न, त्याची चोरी आणि मागं लागलेला शाप, हा साचा एकोणिसाव्या शतकात युरोपात भलताच लोकप्रिय होता. भारतातून गेलेल्या कितीतरी हिऱ्यांना तोच चिकटवलेला दिसतो. जवाहिऱ्याला तो सोयीचाच, कारण दगडासोबत गोष्टही विकता येते.

पिवळ्या पट्टीच्या शेजारी गाभाऱ्याचं रेखाटन लावणार. साळुंका, खळगा, तीन लिंगं. वाचणाऱ्यानं ते बघून आपलं ठरवावं.

२४ ऑगस्ट, सातारा

आठवीतली भाची आणि मी कराडमार्गे साताऱ्याला गेलो. एसटी स्टँडाजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात तेव्हा लंडनहून आलेली वाघनखं ठेवली होती. रांग मोठी. पुढं एक आजोबा होते, काचेपाशी पोहोचल्यावर त्यांनी पायातल्या चपला काढल्या, हात जोडले आणि पुढं सरकले.

हिऱ्याच्या प्रदर्शनासाठी वाघनखं बघायची गरज काय, असं वाचनालयातल्या काहींनी विचारलं होतं. गरज होती, कारण एखाद्या वस्तूची वंशावळ कशी तपासायची याचा यापेक्षा चांगला धडा आपल्या भागात नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे या वाघनखांची पेटी आहे आणि पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा मथितार्थ असा : ज्या वाघनखांनी शिवाजीनं मुघल सेनापतीला मारलं ती ही. ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) असताना पेशव्यांच्या मुख्य प्रधानानं त्याला दिली. हा मजकूर मी कागदावर उतरवून नेला होता. परतीच्या गाडीत भाचीच्या हातात दिला आणि म्हटलं, यात काही खटकतं का बघ.

तिनं पहिल्या ओळीतच बोट ठेवलं. "मावशी, अफजलखान मुघलांचा कुठं होता? विजापूरचा ना?"

बरोबर. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला तो आदिलशाहीचा सरदार. तेव्हा पेटीवर लिहिणाऱ्याला मूळ प्रसंगच धड माहीत नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे अफजलखान वध आणि ग्रँट डफचं साताऱ्याला येणं यांत जवळजवळ १६० वर्षांचं अंतर आहे आणि त्या काळात ही वस्तू कुणाकडे होती याबद्दल पेटी एक शब्द बोलत नाही. हीच ती वाघनखं, याची खात्री देता येत नाही असं त्या म्युझियमनंही सांगितलेलं आहे. पेटीवरून एवढंच धरता येतं की ग्रँट डफला साताऱ्यात वाघनखं मिळाली आणि ती शिवाजी महाराजांची म्हणून त्याच्याकडे राहिली.

एवढं कळल्यानं त्या आजोबांचा नमस्कार कमी होत नाही. नमस्कार महाराजांना होता. काचेतल्या लोखंडाची चौकशी वेगळी करावी लागते आणि ती करावीच.

आता मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट. ग्रँट डफ गेल्यावर, १८२३ च्या सुमारास, साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून आला तो जॉन ब्रिग्ज. नाशिकचा हिरा ज्याच्या हातून हेस्टिंग्जकडे गेला तोच हा ब्रिग्ज. फिरिश्त्याचा फारसी इतिहास इंग्रजीत आणणाराही तोच. महाराजांच्या नावची वाघनखं आणि पेशव्यांचा हिरा या दोन्ही वस्तू बाहेर जाण्याच्या वाटेवर सातारच्या रेसिडेन्सीत बसलेल्या दोन लागोपाठच्या माणसांची नावं सापडतात. दोघंही नुसते शिपाईगडी नव्हते. दोघंही मराठी-फारसी कागद वाचणारे, इतिहास लिहिणारे. आपल्या वस्तूही त्यांच्याकडे गेल्या आणि त्या वस्तूंबद्दल बोलायचा अधिकारही. हे फलकावर ठळक यायला हवं.

१ सप्टेंबर

वजनांचा घोळ सुटला. सुटला तो आबांमुळे.

आबा म्हणजे माझे सासरे. उभी हयात कोइमतूरला गलाईत गेली, आता गुडघ्यांमुळे गावी असतात. अडचण अशी होती : रंडेलच्या कारागिरानं पैलू पाडल्यानंतरचं वजन कुठं ७८.६२५ कॅरेट मिळतं, तर कुठं ८०.५९. काही ठिकाणी तर यावरून मध्ये आणखी एकदा हिरा बदलला असं सुचवलेलं. दगड घासला तर वजन कमी होईल, वाढेल कसं?

आबांना आकडे सांगितले. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "काटा कुठला व्हता?"

"म्हणजे?"

"आगं सूनबाई, आमच्यात जुना तोळा साडेअकराच्या वर ग्रॅमचा. आता दुकानात धाचा धरत्यात. त्योच दागिना दोन तोळ्यांत दोन वजनाचा दिसतोय. कॅरेटचं बी तसंच आसंल."

तसंच निघालं. आजचा मेट्रिक कॅरेट २०० मिलिग्रॅमचा, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरला. त्याआधी प्रत्येक बाजारपेठेचा कॅरेट थोडा वेगळा असे, लंडनचा २०५ मिलिग्रॅमच्या आसपास. ७८.६२५ ला २०५ नं गुणलं तर १६,११८ मिलिग्रॅम. त्याला २०० नं भागलं की ८०.५९. दशांशापर्यंत तंतोतंत. म्हणजे दगड एकच, वजन एकच, काटा तेवढा बदललेला.

हे गणित फलकावर मोठ्या अक्षरात टाकायचं. गलाईवाल्या घरांत ते लहान पोरालाही कळेल.

मग आम्ही सगळी वजनं आबांच्या मापात बसवली. १८१८ च्या सुमाराला हिरा जुन्या मापानं जवळजवळ ९० कॅरेटचा सांगतात, म्हणजे साडेअठरा ग्रॅमला थोडं कमी : दीड तोळ्याच्या वर. लंडनमध्ये पैलू पाडल्यावर १६.११८ ग्रॅम : एक तोळा, साडेचार मासे. १९४० मध्ये विन्स्टननं पुन्हा कापला तेव्हा ४३.३८ कॅरेट, म्हणजे ८.६७६ ग्रॅम : पाऊण तोळासुद्धा भरत नाही.

आबा बराच वेळ त्या शेवटच्या आकड्याकडे बघत होते. म्हणाले, सोनं मुशीत घातलं, टाकणखार टाकला, तेजाबात सोडलं तरी सोनं परत सोनंच हातात येतं. तोटा धरून हिशोब लागतो. हिऱ्याचा चुरा झाला की तो चुराच.

मग उठून त्यांनी कपाटातून त्यांची जुनी वही काढून दिली. लाल कापडी पुठ्ठा, पानांना अजून तेजाबाचा वास. प्रत्येक ओळीत तारीख, कुणी दिलं, काय होतं, आलेलं वजन, कस, गाळल्यावरचं वजन आणि सही किंवा अंगठा. एका ओळीत "पुतळ्यांची माळ, एक पुतळी कमी" असं आहे. ती कमी असलेली पुतळी लिहून ठेवली म्हणून पुढं तंटा झाला नाही, एवढंच ते बोलले. माळ केव्हाच वितळली. ती होती, कशी होती, किती वजनाची होती, हे त्या ओळीमुळे आजही सांगता येतं.

आमच्या फलकांना मी इतके दिवस शोधत होते तो आराखडा हाच. तारीख, देणारा, घेणारा, आलेलं वजन, गेलेलं वजन. हिऱ्याची सगळी वंशावळ आता या पाच रकान्यांत मांडणार. जो रकाना रिकामा, तो रिकामाच छापायचा.

१५ सप्टेंबर

गणपतीत कामाला हात लागला नाही.

२२ सप्टेंबर

खऱ्या आकाराचे नमुने करायला घेतले. काचेचा हिरा बाजारात मिळतो, पण त्यानं फसगत होते : काच हिऱ्यापेक्षा हलकी, आणि अमेरिकन डायमंड म्हणून विकतात तो खडा हिऱ्यापेक्षा बराच जड. वजन जुळवलं तर आकार चुकतो. म्हणून आकारमान धरून चाललो. हिऱ्याची घनता ३.५२. त्या हिशोबानं तीन अवस्थांची आकारमानं सुमारे ५.२, ४.६ आणि २.५ मिलिलिटर येतात. गणपतीची उरलेली शाडू होती. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीत पाणी भरायचं, गोळा आत सोडायचा, पाणी किती चढतं ते बघायचं, जास्त झालं तर नखानं माती काढायची. भाची आणि तिच्या मैत्रिणींनी हे फार मन लावून केलं. सुकल्यावर शाडू आटते, तेव्हा आकार किंचित मोठा धरावा लागला.

पहिल्या दोन नमुन्यांचा तोंडवळा एकच ठेवला, तीनधारी, पेअर फळाच्या घाटाचा. आपल्याकडचे कारागीर दगडाचं वजन राखून पैलू पाडायचे. चमक थोडी कमी चालेल, पण रती वाया जाऊ द्यायची नाही. रंडेलच्या कारागिरानंही मूळ भारतीय घडणीचा माग शक्य तितका राखला आणि दोष तेवढे काढले. तिसरा नमुना मात्र चौकोनी पाचूघाटाचा. तो पहिल्या दोघांशेजारी ठेवला की दोघांत नातं आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. कोहिनूरचंही असंच झालं : १८५२ मध्ये लंडनला कापला तेव्हा आजच्या मापानं सुमारे १९१ चा १०५.६ कॅरेट उरला. पण नाशिकच्या हिऱ्याला दोनदा कापलं, आणि दुसऱ्यांदा उरलेल्यातलंही जवळजवळ निम्मं गेलं.

६ ऑक्टोबर

आज वाचनालयात जोरात चर्चा झाली. वादच म्हणा. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं : देवाच्या डोळ्याची गोष्ट खोटी असं लिहू नका, लोक दुखावतील आणि हिरा परत मागायचा आपला हक्क कमजोर होईल.

मी माझं म्हणणं मांडलं, इथंही लिहून ठेवते. हक्क डोळ्याच्या गोष्टीवर उभा केला तरच तो कमजोर होतो. समोरचा एक फोटो दाखवेल, म्हणेल मूर्ती कुठे आहे, आणि आपलं सगळंच बोलणं मोडीत निघेल. लूट झाली ही गोष्ट त्या डोळ्यावर मुळीच अवलंबून नाही. लढाईच्या तारखा आहेत, सरदारांची नावं आहेत, कंपनीनं लंडनला विकला हे आहे, पुढं कुणाकुणाच्या हाती गेला हे आहे. लुटणाऱ्यांनी लाजेनं काही लपवलं नाही, उलट सैन्याची लूट म्हणून वाटप आणि विक्री रीतसर झाली. पुरावा त्यांच्याच बाजूनं आलाय. तो आपण का सोडायचा?

शेवटी ठरलं : पिवळी पट्टी राहील, गोष्ट पूर्ण सांगायची, आदरानं सांगायची, शेजारी गाभाऱ्याचं रेखाटन. "खोटी" हा शब्द नाही. ते सभासदही तयार झाले, आणि रेखाटन तपासून द्यायचं काम त्यांनीच घेतलं.

२० ऑक्टोबर

खटल्याचा फलक लिहून झाला. हा फलक लोक वाचतील की नाही शंका आहे, पण मला तो गाळवत नाही. हिरा अमेरिकेत गेल्यावर जकातीचा वाद झाला आणि १९३० मध्ये तो अपील कोर्टापर्यंत पोहोचला. प्रश्न असा : शंभर वर्षांपूर्वीची कलात्मक पुरातन वस्तू म्हणून याला करमाफी द्यायची, की हा नुसता पैलू पाडलेला, कशात न जडवलेला हिरा? वकिलांना त्यासाठी तो कधी कापला, कुणी कापला, भारतीय कारागिराचं काम त्यात किती उरलं, हे सगळं उकरून काढावं लागलं. पेशव्यांकडून तो कसा घेतला याची चौकशी कुठल्याच कोर्टात झाली नाही. जकातीची मात्र झाली. दहा वर्षांनी विन्स्टननं तो कापला आणि त्या जुन्या कारागिराचं उरलंसुरलं कामही गेलं. आज प्रश्न विचारला तर दाखवायला काही नाही.

फ्लेक्स छापायला टाकले. मुद्रितशोधन भाचीनं केलं.

२ नोव्हेंबर, पाडवा

दालन भरलं. सुरत, दिल्ली, मदुराई, कोचीनहून आलेली घरं. आबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पाच रकान्यांच्या फलकासमोर सगळ्यात जास्त गर्दी, हे मला अपेक्षित होतं. शाडूचे नमुने मात्र सारखे उचलले गेले, दुपारपर्यंत पहिल्याचा कोपरा गेला. पोरांनी संध्याकाळी नवा करून ठेवला.

एका बाईंनी पहिल्या ओळीत बोट ठेवून विचारलं, १८१८ च्या आधीचा रकाना रिकामा का? म्हटलं, तिथं लिहायला कुणाच्या हातचं वजन नाही. पेशव्यांच्या दप्तरात शोधायला हवं, मोडी वाचणारं माणूस हवं. त्यांचे दीर मोडी वाचतात म्हणे. नंबर घेतला.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दिल्लीत गलाई करणारा एक तरुण शेवटच्या फलकापाशी थांबला. "मॅडम, मग परत मागायचा कुणाकडं?"

सरकारी संग्रहालयात असता तर सरकारनं सरकारशी बोलावं. हा खासगी मालकीचा, आणि विकत घेतलेला, तोही हात बदलत बदलत. युनेस्कोचा करार १९७० चा, मागच्या काळाला तो लागू होत नाही. आपला पुरावशेष कायदा १९७२ चा, तो देशातून बाहेर जाऊ नये यासाठी. १८१८ ला दोन्हींचा हात पोहोचत नाही. राहतं ते मालकाचं मन, नाहीतर लिलावात बोली. हे त्याला सांगितलं.

तो म्हणाला, लिहा की मग हे इथं. लोक नुसतं हळहळून जातात, पुढचं कुणी सांगत नाही.

रास्त बोलला. आत्ताच तीन ओळींची निळी पट्टी लिहून दिली : सध्या कुणाकडे, कुठला कायदा का लागत नाही, परत यायचा तर कुठल्या वाटेनं. छापणारा उद्या दुकान उघडणार आहे. आटपाडीच्या एका शाळेनं पुढच्या आठवड्यात फलक मागितलेत, त्याआधी ती चिकटवून पाठवायची.